टिंबामागची संहिता

साहित्याचे अभ्यासक लेखकाचे खर्डे पाहतात, पत्रव्यवहार पाहतात, समासातल्या टिपा पाहतात. ज्या साधनाने तो लिहीत होता ते त्याने आपल्या हाताला कसे बसवून घेतले होते, याची नोंद मात्र सहसा मागे राहत नाही. बोरू कसा तासला होता हे बोरूबरोबरच जाते. संगणकावर लिहिणाऱ्यांचा एक लहानसा पंथ याला अपवाद आहे. ईमॅक्स किंवा व्हिम यांसारखा एडिटर वापरणारी आणि पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी करणारा विंडो मॅनेजरही स्वतः निवडणारी ही मंडळी आपल्या हाताच्या सवयी साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवतात: कोणती कळ दाबली की काय व्हावे, ओळ कुठे मोडावी, नवी खिडकी डावीकडे उघडावी की उजवीकडे. एडिटर किंवा विंडो मॅनेजर सुरू होताना त्याची फाइल आधी वाचतो आणि मगच मालकाच्या स्वाधीन होतो.

आमच्याकडे अशा दोन फायली आहेत. एडिटरची फाइल सुमारे हजार ओळींची आहे, विंडो मॅनेजरची दीडशे. प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते दुसऱ्या फायलीतल्या चार ओळींचे. त्या आम्हीच लिहिलेल्या होत्या आणि आम्हालाच त्यांचा अर्थ लागत नव्हता. हे असे का व्हावे, याचा शोध घेताना आम्हाला या लेखनप्रकाराच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले.

फायलींच्या नावांतच त्या इतिहासाचे दोन अवशेष आहेत. पुष्कळांच्या नावाअखेरीस ‘आरसी’ ही अक्षरे येतात. एमआयटीमध्ये 1960च्या दशकात चाललेल्या सीटीएसएस या संगणकव्यवस्थेसाठी लुई पूझां यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय लिहिली होती; एका फायलीत आज्ञा ओळीने लिहून ठेवाव्यात आणि यंत्राने त्या क्रमाने पार पाडाव्यात, एवढेच तिचे काम. व्यवस्था गेली, नावाची आद्याक्षरे राहिली. दुसरा अवशेष म्हणजे नावाच्या आरंभीचे टिंब. रॉब पाइक यांनी 2012 मध्ये सांगितलेली त्याची कथा मासलेवाईक आहे. यूनिक्सच्या प्रत्येक डिरेक्टरीत ती स्वतः आणि तिची वरची डिरेक्टरी यांसाठी एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन नोंदी असत. यादी दाखवताना त्या वगळाव्यात म्हणून कोणीतरी तपासणी घातली. पण ‘नाव नेमके हेच आहे का’ असे न विचारता ‘पहिले अक्षर टिंब आहे का’ एवढेच विचारले. परिणामी टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव यादीतून अदृश्य होऊ लागले, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपापल्या फायली वापरणाऱ्याच्या घरात लपवून ठेवण्याची सोय झाली. खाजगी लेखनाचा हा सबंध प्रकार एका आळशी तुलनेच्या आडोशाने वाढला, असे म्हणायला हरकत नाही.

तथापि या प्रकाराचा खरा जन्म एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. तेथे डॅन मर्फी यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी रचलेला टेको हा एडिटर चालत असे. टेकोची आज्ञावली एकेका अक्षराची होती. आपले स्वतःचे नाव टेकोला आज्ञा म्हणून दिले तर काय घडेल हे ओळखणे, हा तेव्हाचा एक करमणुकीचा खेळ असल्याचे सांगतात. कार्ल मिकल्सन यांनी 1972 मध्ये टेकोत अशी भर घातली की कळ दाबताच पडद्यावरचा मजकूर बदलावा. त्यापुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतला ‘ई’ हा एडिटर पाहून आल्यावर एका कळीला आज्ञांची सबंध मालिका जोडण्याची मुभा दिली. मुभा मिळताच जे व्हायचे ते झाले. प्रत्येकाने आपापल्या मालिका रचल्या, त्यांना आपल्याला सुचतील त्या कळी नेमल्या, मित्रांच्या मालिका उचलून त्यांत फेरफार केले. थोड्याच काळात अशी अवस्था आली की एकाच्या यंत्रावर दुसरा बसला, तर कोणती कळ काय करते हे समजून घेण्यातच त्याचा वेळ जाई.

भाषेच्या अभ्यासकाला ही परिस्थिती नवी नाही. एका मूळ भाषेच्या बोली इतक्या दूर गेल्या होत्या की बोलणाऱ्यांना दुभाष्या लागावा. गाय स्टील यांनी या बोली गोळा करून त्यांतून एक समान संच बसवण्याचे काम हाती घेतले. डेव्हिड मून यांचाही त्यात हात होता. ते तडीस नेले स्टॉलमन यांनी. 1976 मध्ये सिद्ध झालेल्या या संचाचे नाव ईमॅक्स, म्हणजे ‘एडिटिंग मॅक्रोज’ची जुळणी. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ईमॅक्सने प्रमाणभाषा दिली, पण बोली बंद केली नाही. मूळ कळी सर्वांसाठी सारख्या राहिल्या, आणि ज्याला बदलायच्या असतील त्याने आपल्या फायलीत बदलाव्यात अशी तरतूद एडिटरच्या रचनेतच राहिली. उलट दिशेने, कोणी चांगली सुधारणा केली तर ती परत आणून द्यावी अशी स्टॉलमन यांची अट होती, आणि या देवघेवीला ते ‘ईमॅक्स कम्यून’ म्हणत. खाजगी आणि सामाईक यांच्यातली ही ओढाताण पुढच्या पन्नास वर्षांत सुटली नाही, आणि आमच्या मते ती सुटण्यासारखीही नव्हती.

ही बोली केवळ प्रोग्रामरांची होती असेही नाही. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी 1978 मध्ये मल्टिक्स या व्यवस्थेसाठी लिस्प भाषेत ईमॅक्स लिहिले. त्यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी स्त्रिया स्वतःच्या आज्ञा रचायला शिकल्या. स्टॉलमन यांनी पुढे एका भाषणात याचे कारण सांगितले आहे: त्यांना दिलेल्या पुस्तिकेत ईमॅक्स कसे वाढवावे हे होते, पण याला प्रोग्रामिंग म्हणतात हे कोठेच नव्हते, त्यामुळे त्या बिचकल्या नाहीत. व्याकरणाचा तास म्हटले की गप्प होणारी आणि एरवी नवनवे शब्द सहज घडवणारी मुले ज्यांनी वर्गात पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरे घराणे व्हीआयचे. बिल जॉय यांनी 1976च्या सुमारास बर्कलीत ते लिहिले, एडीएम-3ए या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या कळींवर बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये या चार अक्षरांनी मजकुरात डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाता येते. ते टर्मिनल आज संग्रहालयात आहे, पण त्या चार कळींची सवय ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिममध्ये (1991) आली, व्हिममधून विंडो मॅनेजरांत गेली, आणि एडीएम-3एचे चित्रही न पाहिलेल्या माणसांच्या बोटांत ती आज आहे. आमच्या त्या चार ओळी याच चार कळींच्या होत्या. त्यांच्याकडे आपण येऊच.

विंडो मॅनेजरची कथा थोडक्यात सांगतो. एमआयटीत 1984 मध्ये सुरू झालेल्या एक्स या खिडकीव्यवस्थेने खिडक्या दिसाव्यात कशा, हलाव्यात कशा, हे ठरवण्याचे जाणीवपूर्वक टाळले आणि ते काम एका स्वतंत्र प्रोग्रामवर सोपवले. त्यातून टॉम लास्ट्रेंज यांचा टीडब्ल्यूएम (1987) आला, त्यावरून रॉबर्ट नेशन यांचा एफव्हीडब्ल्यूएम (1993), आणि प्रत्येकाबरोबर त्याची टिंबवाली फाइल. पुढे 2006 मध्ये आलेल्या डीडब्ल्यूएमने फाइलच काढून टाकली: बदल हवा असेल तर मूळ प्रोग्रामच्या मजकुरात करा आणि तो नव्याने बांधा. या मंडळींनी सबंध प्रोग्राम 2000 ओळींच्या पुढे जाऊ न देण्याचा नेम घालून घेतला. हे व्रत आम्हाला आदरणीय वाटते, पण त्यात थोडा सोवळेपणाही आहे. 2007 मधल्या एक्समोनॅडची फाइल हास्केल भाषेतला प्रोग्रामच असते, आणि तिच्यात चूक असेल तर नवी मांडणी लागूच होत नाही. जुनी चालू राहते. शहाणपणाची रीत आहे. ईमॅक्सची तशी नाही. तेथे फाइल वरून खाली वाचली जाते आणि चूक आढळली की वाचन तेथेच थांबते. दोनशेव्या ओळीत कंस राहिला तर त्यापुढची आठशे ओळींची संहिता अस्तित्वातच नसते. अर्धा एडिटर ओळखीचा आणि अर्धा परका. दोष दोनशेव्या ओळीत, आणि तक्रार दिसते ती नवशेव्या ओळीत सांगितलेला रंग का आला नाही अशी.

म्हणूनच या फायलींची दुरुस्ती हे प्रथम वाचनाचे काम असते. त्याची एक रूढ रीत आहे. आधी एडिटर कोणतीही फाइल न वाचता सुरू करायचा. दोष तेव्हाही दिसला तर आपली संहिता निर्दोष आहे. नाही दिसला, तर फाइलचा अर्धा भाग निष्क्रिय करून पाहायचे. दोष गेला तर तो त्या अर्ध्यात आहे, राहिला तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. हजार ओळींच्या फायलीत या रीतीने दहा फेऱ्यांत एका ओळीपर्यंत पोचता येते. व्हिममध्ये तर एखादी कळ शेवटी कोणत्या फायलीने नेमली, हे व्हिमलाच विचारता येते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. हा पाठ मूळचा, की नंतर कोणी घातलेला? दोन पाठांपैकी कोणता टिकला, आणि तो उत्तम म्हणून की केवळ शेवटी लिहिला गेला म्हणून? यंत्राच्या बाबतीत उत्तर नेहमी दुसरेच असते. जे शेवटी लिहिले ते खरे.

पण दोष केवळ आपल्या चुकीने येतो असे नाही. आपण एक अक्षरही न बदलता संहिता मोडू शकते, कारण ती ज्या जमिनीवर उभी आहे ती सरकते. ईमॅक्सच्या 27व्या आवृत्तीत (2020) ‘सीएल’ नावाचे एक जुने ग्रंथालय कालबाह्य ठरवले गेले, आणि वर्षानुवर्षे गुपचूप चाललेल्या असंख्य फायली दर प्रारंभी इशारा देऊ लागल्या. शब्द तोच, पण बोलणाऱ्या समाजाने तो टाकून दिलेला. ज्याच्या घरात तो अजून चालत होता त्याला ते एका सकाळी कळले. यावर एक उपाय अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी केला आहे. वर्डस्टार 4.0 हा जुना एडिटर ते जुन्याच डॉस यंत्रावर वापरतात, असे त्यांनी 2014 मध्ये एका मुलाखतीत सांगितले. जमीनच गोठवून टाकली की डागडुजीचा प्रश्न येत नाही. दुसरा उपाय ईमॅक्सच्या मंडळींत ‘दिवाळे’ या नावाने ओळखला जातो: फाइल इतकी गुंतते की ती टाकून कोऱ्या पानापासून सुरुवात करायची. दिवाळे काढलेला माणूस सहा महिन्यांत पुन्हा त्याच ओळी एकेक करून परत आणतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तिसरा उपाय साहित्याच्या माणसाला मोहात पाडणारा आहे. डोनाल्ड नूथ यांनी 1984 मध्ये अशी कल्पना मांडली की प्रोग्राम हा आधी माणसाने वाचण्याचा निबंध असावा आणि यंत्रासाठीच्या ओळी त्या निबंधात गुंफलेल्या असाव्यात. कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने 2003 मध्ये ईमॅक्ससाठी ऑर्ग-मोड तयार केल्यावर ही कल्पना फायलींत उतरली. मथळे, परिच्छेद, त्यांखाली दोनचार ओळींची आज्ञा. यंत्र केवळ आज्ञा वेचून घेते. अशा कित्येक फायली लोकांनी प्रसिद्ध केल्या आहेत आणि आम्ही त्यांतल्या बऱ्याच वाचल्या आहेत. आमची तक्रार एवढीच की हे भाष्य बहुधा जेथे गरज नाही तेथे पसरते. अक्षराचा आकार मोठा करणाऱ्या ओळीवर तीन परिच्छेद असतात, आणि जी ओळ तीन दिवस झगडून लिहिली असेल तिच्यावर एक शब्द नसतो. लिहिताना ती इतकी लख्ख समजलेली असते की पुढे कधी ती समजणार नाही असे मनातही येत नाही. काव्याच्या सटीप आवृत्त्या वापरणाऱ्या शिक्षकांना असे टीपाकार भेटले असतीलच.

आता आमच्या चार ओळी. आम्ही मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहितो. ईमॅक्सची देवनागरीची सोय जुनी आहे. जपानात केनइची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले ‘म्यूल’ हे बहुभाषिक काम 1997 मध्ये ईमॅक्सच्या 20व्या आवृत्तीत आले, आणि त्या परंपरेत देवनागरीच्या टंकनपद्धतीही आल्या. त्यांची खुबी अशी की देवनागरी केवळ मजकुरापुरती चालू होते; आज्ञांच्या कळी रोमनच राहतात. पण आम्हाला पत्रासाठी, ब्राउझरसाठी, सर्वत्र एकच मराठी कळफलक हवा होता, म्हणून आम्ही एक छोटी आज्ञा लिहिली: एक कळ दाबली की सबंध यंत्राचा कळफलक मराठी व्हावा, पुन्हा दाबली की इंग्रजी. ती लागू केल्यापासून मराठीत लिहिताना खिडकी बदलणाऱ्या कळी बहिऱ्या झाल्या. इंग्रजीत परतले की त्यांना पुन्हा ऐकू येई.

आम्ही प्रथम एडिटरवर संशय घेतला आणि हजार ओळींच्या दहा फेऱ्या करण्यात एक संध्याकाळ घालवली. ती वाया गेली, कारण दोष त्या फायलीत नव्हताच. शेवटी दाबलेल्या प्रत्येक कळीची हकीकत छापणारे एक साधन चालवले आणि एचची कळ इंग्रजीत व मराठीत एकेकदा दाबून पाहिली. यंत्राने दोन्ही वेळा कळीचा क्रमांक 43 असाच सांगितला. पण अक्षर पहिल्या वेळी एच होते आणि दुसऱ्या वेळी प. इनस्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल यांच्या जागी प, र, क, त ही अक्षरे येतात. विंडो मॅनेजरला आम्ही सांगून ठेवले होते, ‘एच दाबला तर डावीकडे जा’. आणि मराठी चालू असताना एच नावाचे अक्षर कळफलकावर कोठेच नव्हते. त्याने आज्ञा मोडली नव्हती, तंतोतंत पाळली होती. आम्हाला अभिप्रेत होती ती जागा, आणि आम्ही लिहिले होते ते अक्षर. बिल जॉय यांच्या टर्मिनलवर बाण आणि अक्षर एकाच कळीवर छापलेले असल्याने ही फारकत करण्याची वेळच कोणावर आली नव्हती. ती दोन लिप्यांत लिहिणाऱ्यावर येते. आम्ही अक्षरे खोडून क्रमांक लिहिले: 43, 44, 45, 46. कळींना ऐकू येऊ लागले.

त्यानंतर पाचसहा वर्षांनी संगणक बदलला. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेत (तिचे काम 2008 मध्ये सुरू झाले) आमचा जुना विंडो मॅनेजर चालणार नव्हता, म्हणून आम्ही त्याची फाइल उघडून एकेक ओळ स्वे नावाच्या नव्या व्यवस्थापकासाठी उतरवून घेऊ लागलो, आणि 43पाशी अडलो. त्रेचाळीस काय? वर काही नाही, खाली काही नाही. भोवतीच्या सगळ्या ओळींत अक्षरे आहेत आणि मध्येच हे चार आकडे. एखाद्या प्रतीत लेखनिकाने आपली मोजणी लिहून ठेवावी आणि ती पुढच्याने मूळ पाठ समजून उतरवावी, तसे ते दिसत होते. जुन्या आवृत्त्या साठवण्याची सवय आम्हाला उशिरा लागली, त्यामुळे तारीखही नव्हती. आम्ही ते चार आकडे काढून टाकले, जागी अक्षरे लिहिली, आणि आपण एक जुना कचरा साफ केला असे समजून समाधानाने हा लेख नव्हे, पण दुसरा एक लेख मराठीत टाइप करायला बसलो. पहिल्याच परिच्छेदात खिडकी बदलायची कळ बहिरी झाली, आणि सगळे आठवले.

ब्रॅम मोलेनार 3 ऑगस्ट 2023 रोजी वारले. बत्तीस वर्षे व्हिमची सूत्रे त्यांच्या हाती होती, आणि त्यांच्या मागे ती सहकाऱ्यांनी उचलली. कारण काम सामाईक होते, सर्वांनी वाचलेले होते. आमच्या दीडशे ओळींना एकच वाचक होता, आणि तो मध्यंतरी बदलला होता.

स्वेमध्ये कळ नेमताना एक जादा शब्द लिहिण्याची सोय आहे, असे मागाहून त्याच्या माहितीपत्रकात सापडले. आपण अक्षर लिहावे. कळफलकांच्या यादीत जो पहिला असेल त्यावर ते अक्षर कोठे आहे हे स्वे पाहून ठेवतो आणि पुढे जागा धरून चालतो. म्हणजे ओळ वाचता येते आणि चालतेही. तो शब्द आता चारही ओळींत आहे. त्यांच्या वर आम्ही एक टीप लिहिली आहे, तारखेसह: ‘मराठीतही चालावे म्हणून. यादीत इंग्रजी पहिली, मराठी दुसरी. क्रम बदलू नये.’